सेतुमाधवची फिल्म

११ फेब्रुवारी १९६१

सेतुमाधव कॅमेरा घेऊन आला — हलती चित्रं काढायचा! मद्रासच्या कुणा साहेबाचा जुना. पंधरा दिवस वापरून बघायचा, पसंत नसेल तर परत. कारकुनी सोडून लग्नांच्या फिल्म काढणार म्हणे. "भावजी, वीस वर्षं स्टुडिओ चालवताय. तुम्ही हो म्हटलंत तरच घेईन." चंद्रमतीच्या भावाला निदान एवढी अक्कल आहे.

१२ फेब्रुवारी

रविवार. जेवायला आला तो कॅमेरा डोळ्याला लावूनच. अंगणात पंगत, लख्ख ऊन. मी चांगलं भिंग कसं ओळखावं ते सांगतोय, आणि हा ऐकायचं सोडून चित्रं घेतोय. मूर्ख!

२० फेब्रुवारी

फिल्म धुऊन आली. प्रोजेक्टर मागून आणला, भिंतीवर धोतर लावलं. पहिलं रीळ मोठ्या देवळाचं.

काय ती चित्रं! मधे बरं, कडा मात्र पाण्यात भिजल्यासारख्या. गोपुर एका अंगाला कललेलं. कोपऱ्यात एक केस सारखा थरथरतोय — साहेबानं कॅमेरा कधी पुसला होता की नाही? उजेड मधेच फुगतो, मधेच बसतो. नंदी म्हणजे भाताचं पोतं! नऊ दोष लिहून हातात दिले. सेतुमाधवचं तोंड एवढंसं झालं.

चंद्रमती म्हणाली, "मला तर सगळं ओळखू आलं."

"तुला काय कळतं? सांबार बघ जा."

मग करंट गेला. दुसरं रीळ राहिलं.

२१ फेब्रुवारी

दुसरं रीळ — पंगतीचं. आवाज नाही. मी बोलतोय, बोट नाचवतोय. चंद्रमती वाढतेय. माझं तोंड उघडलं की तिचे खांदे वर जातात. मिटलं की खाली येतात. पुन्हा उघडलं — पुन्हा वर.

रीळ तीनदा लावायला सांगितलं. तिन्ही वेळा तेच.

"भावजी, कुठं बिघडलंय?" सेतुमाधवनं विचारलं.

"कडा धूसर आहेत," म्हटलं.

२२ फेब्रुवारी

स्टुडिओ उघडला नाही.

२३ फेब्रुवारी

सेतुमाधवला निरोप धाडला — घे. मग स्वयंपाकघरात जाऊन चंद्रमतीला म्हटलं, "कॅमेरा चांगला आहे. तुझं बरोबर होतं."

तिच्या हातातली पळी थांबली. "माझं काही चुकलं का?" म्हणाली.