ओळीतली सहावी बाई

१२ ऑगस्ट २००९, बुधवार

आलो एकदाचा. वलगावला एसटीतून उतरलो तर कुर्बानभाई मोटारसायकल घेऊन उभेच होते. पुढे माझी वळकटी, मध्ये ते, मागे बंदूक पाठीला लावून मी, अशी आमची वरात परतवाड्याच्या रस्त्याने निघाली आणि चिखलातून कशीबशी गावात पोचली. कुर्बानभाई इथले शेतकरी. गावाच्या वतीने रोही, म्हणजे नीलगाय, मारायच्या परवान्यासाठी अर्ज त्यांनीच केला होता. परवाना एकाच जनावराचा, पुऱ्या वाढलेल्या नराचा.

राहायला त्यांच्या शेतातली खोली दिली आहे. आधी तिथे खताची पोती असत, तो वास अजून आहे. पण टेबल आहे, खुर्ची आहे आणि टेबलापुढची खिडकी थेट शेतात उघडते. समोर कपाशी, पलीकडे सोयाबीन, त्यापुढे उंच ज्वारीचा पट्टा आणि ज्वारीमागे नाला. त्यांच्या बायकोने, जहाँआराभाबींनी, भाकरी, वांग्याची भाजी आणि मिरचीचा ठेचा पाठवला. ठेच्याने डोळ्यांतून पाणी काढलं, तरी दोनदा वाढून घेतला.

पोलिसांच्या प्रशिक्षण केंद्रात चोवीस वर्षं नेमबाजी शिकवली. मे महिन्यात निवृत्त झालो आणि घरात बसून लोकांना नकोसा झालो. इथे मात्र सगळे मला बंदूकवाले भाऊ म्हणतात. बरं वाटलं.

१३ ऑगस्ट, गुरुवार

सकाळपासून माग काढला. या गावाने यंदा दुबार पेरणी केली आणि उगवलेलं रोह्यांनी खाल्लं. कळप नऊ जनावरांचा. माद्या आणि पिल्लं हाकलली की पळतात आणि तासाभराने परत येतात. खरा त्रास एका म्हाताऱ्या नराचा आहे. जवळजवळ काळाच झालाय, डावा कान फाटलेला. तो जिथे जाईल तिथे कळप जातो.

वडिलांनी मला लहानपणी सांगितलं होतं की तरणा नर पोटाने चालतो आणि म्हातारा डोक्याने. म्हाताऱ्याला मारायचं तर त्याच्या सवयी पाठ करायच्या. वारा कुठून येतो हे तो आधी बघतो आणि मग पाऊल टाकतो. लेंड्या मात्र रोज एकाच ठिकाणी टाकतो, तो ढीग मला नाल्याकाठी सापडला. आणि चिडला तर आधी पुढचे गुडघे टेकतो, मान खाली घालतो आणि मग शिंगं घुसवतो. शिंगं वीतभरच, पण सुळ्यासारखी.

माझी बारा बोअरची बंदूक चाळीस पावलांपर्यंतच भरवशाची. म्हणजे चाळीस पावलांवर जायचं. एवढंच काम आहे.

१५ ऑगस्ट, शनिवार

शाळेत झेंडावंदनाला मला खुर्ची दिली. मनातून शरमलो, कारण तीन दिवसांत हात हलवत परत आलोय. दोनशे पावलांवर तो मान वर करतो, माझ्याकडे बघतो आणि शांतपणे ज्वारीत शिरतो. ढिगाजवळ दबा धरला तर त्या दिवशी ढिगाकडे फिरकलाच नाही.

पण आज एक गोष्ट ध्यानात आली. कपाशीत निंदणाऱ्या सहा बाया एका ओळीत आपापली पात, म्हणजे निंदायचा पट्टा, धरून सरकत होत्या आणि तो त्यांच्यापासून तीस-चाळीस पावलांवर खुशाल चरत होता. बायांची पुढारी पंचफुला म्हणून आहे, चाळिशीची, तोंडाने फटकळ. तिला विचारलं तर हसायला लागली. म्हणाली, “आमाले पाहून तो कायले पयन भाऊ? आमच्याच्यानं त्याचं काय वाकडं होते?”

१७ ऑगस्ट, सोमवार

युक्ती सुचली आणि माझं मलाच हसू आलं. पातळ नेसायचं, डोक्यावरून पदर घ्यायचा, बायांच्या ओळीत वाकून सरकत जायचं.

पंचफुलाने आपलं हिरवं पातळ दिलं, पिवळ्या काठाचं. नेसवताना बाया हसून लोटपोट. तिचा नवरा शेषराव बैल पाणी पाजायला आला होता, तोही गालात हसला. मग पंचफुला एकदम मास्तरीण झाली आणि मी विद्यार्थी. चोवीस वर्षं मी शिकवलं, पण इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नाही. “तो मुंडी खाली घालते तवा सरकजा. वर करते तवा थांबजा अन् निंदत राह्यजा. त्याच्या डोयात पाहू नोका.”

फक्त माणिकबाई, सगळ्यांत म्हातारी, हसली नाही. म्हणाली, “जनावर पातळावर भरोसा ठेवून राह्यलं. तो भरोसा मोडला त मंग आमी बायांनी कुठी जावं?” आणि आपली पात सोडून दूरच्या पातीला गेली. म्हातारी माणसं काहीतरी बोलतच असतात.

१८ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी साडेनऊ. ओळीत आम्ही सात. बंदूक पातळाच्या घोळात. त्याने मान खाली घातली की मी सरकत होतो. ऐंशी पावलं, साठ, पन्नास. एकदा त्याने मान वर केली आणि आमच्या ओळीकडे सावकाश बघितलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. माझ्यावरून नजर गेली आणि त्याने परत चरायला तोंड घातलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाईट वाटलं.

चाळीस पावलांवर उठलो. पदर डोळ्यावर आला, घाई झाली, गोळी मागे पडली. तो ज्वारीत गेला. जाऊन बघितलं तर पानांवरच्या रक्तात चघळलेल्या हिरव्या चाऱ्याचा चोथा. म्हणजे पोटात लागली. असं जनावर दोन-दोन दिवस मरत नाही.

जखमी जनावर सोडून यायचं नाही, हे मी शेकडो पोरांना शिकवलंय. ज्वारी डोक्याच्या वर होती. दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं. दहा पावलं आत गेलो, आत कुठेतरी श्वास ऐकू आला आणि मी परत फिरलो.

बाहेर सगळे वाट बघत होते. मी सांगितलं की तो ज्वारीतून पार गेला, नाल्यात पडला आणि पुरात वाहून गेला. वनरक्षकाने फोनवरच विचारलं आणि तसाच लेखी जबाब पाठवा म्हणाला. पाठवला. कुर्बानभाईंनी पेढे वाटले. पातळ मी घडी करून पंचफुलाला परत दिलं.

१९ ऑगस्ट, बुधवार

गाव खूश आहे. राखणीची माणसं काल घरी झोपली. बाया आता ज्वारीला लागून निंदतात, कारण भीती उरली नाही. सकाळी दोनदा सांगायला निघालो की तिकडे जाऊ नका. काय कारण सांगणार? एव्हाना मेलाच असेल. उद्या संध्याकाळी मला निरोपाचं जेवण आहे.

२० ऑगस्ट, गुरुवार

पंचफुला गेली.

अकराच्या सुमारास. ज्वारीच्या कडेची पात तिची होती. बाकीच्या पुढे निघाल्या होत्या, त्यांनी आवाज ऐकून मागे बघितलं तर ती आडवी पडलेली. कोणाला काही दिसलं नाही. हिरवं पातळ नेसली होती. वाकलेली होती.

शेषरावचा बैल धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बांधला होता. हिसक्याने त्याचं दावं तुटलं होतं, तो कपाशीत उभा होता. लोकांनी दोन आणि दोन चार केले. रोही तर मेलाय, मी तसं लिहून दिलंय. मग दुसरं कोण?

मी जखम पाहिली. बरगडीखाली दोन भोकं, चार बोटांच्या अंतरावर. त्या बैलाची शिंगं हातभर फाकलेली आहेत. शेषराव माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला. “भाऊ, तुमी पोलीस होते. तुमीच सांगा. माह्याच बैलानं केलं ना?”

मी मान हलवली. होय अशी.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

पहाटे तिचं सगळं आटोपल्यावर एकटाच ज्वारीत गेलो. पूर्वेच्या धुऱ्यापासून साठ पावलं आत तो सापडला. मेलेला, पण पडलेला नव्हता. पुढचे गुडघे टेकून, मान खाली घालून तसाच थिजला होता. उजव्या शिंगाला पिवळ्या काठाचा धागा.

तो वाकलेल्या हिरव्या पातळावर धावला. त्याला मी हवा होतो.

ज्वारीची ताटं मोडून त्याच्यावर टाकली. का टाकली कोण जाणे. माझ्या हातून ती गेली असं म्हणता येणार नाही. पण शेषरावला सांगून टाकायला हवं. सांगूनच जाईन.

२३ ऑगस्ट, रविवार

सांगितलं नाही. दोनदा त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि चहा पिऊन उठलो. बैल गोठ्यामागे उन्हात बांधलाय. शेषराव त्याला पाणी दाखवत नाही, त्याच्याकडे बघतही नाही. वासरू असल्यापासून पंचफुलाने त्याला वाढवलं होतं. येत्या शुक्रवारी परतवाड्याला नेऊन मिळेल त्याला देऊन टाकणार आहे. मी कोणी बघत नाही असं पाहून बादलीभर पाणी ठेवलं. बैल पाण्याला तोंड लावेना, माझ्याकडे बघत राहिला.

२४ ऑगस्ट, सोमवार

आज निंदणी परत सुरू झाली. खिडकीतून बघत होतो. बाया लांब होत्या, दीडेकशे पावलांवर. सहा जणी, एका ओळीत, माना खाली.

दुपारी कुर्बानभाई डबा घेऊन आले, तेव्हा सहज म्हणालो की पंचफुलाच्या जागी लवकर बाई मिळाली. ते म्हणाले कोणी मिळालं नाही, पाचच आहेत. मी खिडकीतून दाखवायला गेलो. पाचच होत्या.

ते गेल्यावर पुन्हा मोजल्या. सहा. शेवटची हिरव्या पातळातली.

ते पातळ तिच्याबरोबर जळालं. मी तिथे होतो.

२५ ऑगस्ट, मंगळवार

बाया कपाशीच्या त्या टोकाला गेल्या. ती गेली नाही. ती ओळ सोडून इकडे तोंड करून निंदते आहे. सव्वाशे पावलं. पदर पार खाली ओढलेला, तोंड दिसत नाही.

मी बघत असलो की ती जागेवर निंदत राहते. डबा उघडून खाली बघितलं आणि वर बघितलं तर शंभर पावलं.

ती गेल्यावर तिच्या पातीत जाऊन आलो. ओल्या मातीत पाऊल नव्हतं. खूर होता. दोन बोटांचा. पण दोनच पायांची चाल.

२६ ऑगस्ट, बुधवार

आज बाया आल्याच नाहीत. शेत रिकामं.

ती आहे.

ऐंशी. साठ. मी मान खाली घालतो तेव्हाच ती सरकते — वर करतो तेव्हा थांबते आणि निंदत राहते. हे तिला कोणी शिकवलं? तीच तर शिकवत होती. मला.

बंदूक घेतली. नेम धरला. ती तशीच वाकलेली, हात मातीत. एका बाईवर — नाही. बंदूक ठेवून दिली. कुर्बानभाईंना फोन लागत नाही. दार उघडून पळालो तर पाठ तिच्याकडे होईल.

संध्याकाळ झाली तशी ती ज्वारीकडे गेली. रोही जायचा तशीच, सावकाश.

२७ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी साडेनऊ. तीच वेळ.

चाळीस पावलं.

आता कळलं. बघत राहिलो तर ती येत नाही. दिवसभर बघत बसेन, आणि उद्या शुक्रवार. उद्या बैल जाईल. लिहायचं तर मान खाली घालावी लागणार.

लिहितो.

मी नाल्यापर्यंत गेलो नव्हतो. जबाब खोटा आहे. मी घाबरलो होतो — ज्वारी उंच होती, गुडघा दुखत होता, आणि —

तीस. हे कशाला लिहितोय. माझं रडगाणं कोणाला हवंय.

रोही ज्वारीत आहे, पूर्वेच्या धुऱ्यापासून साठ पावलं. शिंगाला तिच्या पातळाचा धागा. शेषरावला दाखवा.

पंधरा. वास येतोय. खताचा नाही.

मी मान हलवली होती. मला माहीत होतं आणि मी मान हलवली.

खिडकीशी. सावली वहीवर. वर बघितलं तर ती थांबेल — अजून थांबेल. बघणार नाही. पातळ सळसळलं — गुडघे टेकतेय —

शेषरावभाऊ, बैलाले पाणी पाजजा. त्यानं काई केलं नाही. पंचफुलाले मी मा—