कॅप्टन पेनिमन यांच्या घरातील एका मृत्यूची नोंद

प्रति,
मा. टाउन क्लार्क,
नगर कचेरी, हॅडविक,
मॅसॅच्युसेट्स.

अर्जदार : कु. विनिफ्रेड पेनिमन, वय वर्षे ६८, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, रा. तळ्याचा रस्ता, हॅडविक.

विषय : सन १६९२ मधील एका मृत्यूची उशिराने नोंद करताना नावाचा रकाना कोरा ठेवण्याबाबत.

संदर्भ : १) माझा दि. ४ फेब्रुवारी १९७६ चा अर्ज.
२) आपले दि. १९ फेब्रुवारीचे मंजुरीपत्र.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करते की, आपण माझा अर्ज मंजूर केलात याबद्दल मी आभारी आहे. मात्र सदर मंजुरीप्रमाणे नोंद करू नये, अशी विनंती करण्यासाठी हा दुसरा अर्ज करीत आहे. मंजूर झालेल्या अर्जाविरुद्ध अर्जदारानेच अर्ज केल्याचे आपल्या कचेरीत पूर्वी घडले नसेल, याची मला जाणीव आहे. म्हणून सर्व हकिकत क्रमाने लिहिते.

१. येत्या १० एप्रिल रोजी तळ्याच्या काठी माझे पूर्वज कॅप्टन ओबादाया पेनिमन यांच्या नावाची शिळा बसवण्यात येणार आहे. कॅप्टन हे या नगराच्या पहिल्या शिबंदीचे प्रमुख होते. मार्च १६७६ मध्ये त्यांनी शेतावरची एकतीस माणसे गोळा करून तळ्याकाठच्या निपमक या मूळ रहिवासी (तेव्हाच्या भाषेत 'इंडियन') लोकांच्या वस्तीवर चाल केली व नगर वाचवले, असे आम्हाला शाळेत शिकवले आहे. समारंभ समितीचे अध्यक्ष माझे धाकटे बंधू श्री. लोवेल पेनिमन आहेत. त्यांनी गेल्या सप्टेंबरात मला सांगितले, "विने, तुला आता कामधंदा नाही. कॅप्टनपासून आपल्यापर्यंत वंशावळ नीट जुळवून दे. शिळेच्या मागच्या बाजूला कोरू."

२. आमच्या चुलत आजोबांनी छापलेली कुलपुस्तिका घरात होतीच. तीत कॅप्टन, त्यांचा मुलगा जॉन, जॉनची बायको मेहिटेबल, त्यांचा मुलगा इनोक आणि पुढे आम्ही, अशी सरळ ओळ दिली आहे. मला फक्त तारखा ताडून पाहायच्या होत्या. आठवड्याभराचे काम वाटले होते. चर्चच्या पुस्तकात जॉन व मेहिटेबल यांचे लग्न सन १६९० मध्ये लागल्याचे आढळले. इनोकचा बाप्तिस्मा मात्र १६८८ सालचा आहे, आणि आईच्या जागी "पेशन्स, पेनिमन यांची दासी" एवढेच लिहिले आहे. त्याच पानावर, सदर दासीशी पाप केल्याची जॉनने भर चर्चमध्ये उभे राहून कबुली दिल्याची नोंद आहे. दासीकडून कबुली घेतल्याची नोंद नाही. तिला कोणी काही विचारल्याचीही नाही.

३. मग मी कॅप्टनचे मृत्युपत्र काढून वाचले. ते १६८४ चे आहे. मुलगा जॉन याला "दोन बैल, मोठे लोखंडी भांडे, आणि पेशन्स ही इंडियन मुलगी, जी मी तळ्यावरील कामगिरीत आणली, तेव्हा अंदाजे नऊ वर्षांची". बैलांचा रंग दिला आहे. मुलीच्या आईबापांचा उल्लेख नाही. कामगिरीचा कॅप्टनच्या हातचा अहवालही राज्याच्या दप्तरात मिळाला. त्यात लिहिले आहे की पहाटे वस्ती गाढ झोपेत होती, आग लावण्यास अडचण आली नाही, आपल्या बाजूस एकाच्या हाताला भाजले, आणि वस्तीत लढण्याजोगे पुरुष थोडेच निघाले. बाकी कोण होते ते लिहिलेले नाही.

४. नगराच्या जुन्या हवालदाराच्या वहीत ही मुलगी सहा वेळा येते. दर वेळी मजकूर एकच : "पेनिमन यांची दासी पळाली, तळ्यावरून परत आणली." सातव्या वेळी वहीत काही नाही. ते पाद्रीसाहेबांच्या रोजनिशीत आहे. जानेवारी १६९२ : "हिमवादळ तीन दिवस. पेनिमन यांची दासी तळ्याच्या काठी मेलेली सापडली. जमीन गोठलेली असल्याने पुरणे लांबले." पुढे कधी पुरली, कोठे पुरली, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. नगराच्या मृत्युपुस्तकात त्या महिन्यात दोन नोंदी आहेत. ती त्यांत नाही.

५. आता जे लिहिते ते पुरावा म्हणून लिहीत नाही. आमचे वडील चेस्टर पेनिमन यांनी जन्मभर गायी पाळल्या. ते कमी बोलत आणि जुन्या गोष्टींत त्यांना रस नव्हता. शेवटच्या दोन वर्षांत, म्हणजे १९५७ पासून, त्यांचे भान सुटले. उजाडताना ते अनवाणी घराबाहेर पडत आणि तळ्याकडे चालू लागत. मी मागून धावत जाऊन त्यांना धरी. ते माझा हात झटकून म्हणत, "सोड गं! सगळे झोपलेत तिकडे. कोणीतरी उठवायला नको का?" मी विचारी, "कोण झोपलेत, बाबा?" तेव्हा ते माझ्याकडे अशा नजरेने पाहत, जणू मी ते मुद्दाम विचारते आहे. लोवेल म्हणायचा, "डोकं गेलंय त्यांचं. गायी समजत असतील." मलाही तसेच वाटले होते. परंतु कॅप्टनचा अहवाल वाचून मी घरी आले त्या दिवसापासून तळ्याकडच्या खिडकीशी मला बसवत नाही. मी एकतीस वर्षे टेलिफोनच्या बोर्डावर काढली. लाइन मेली आहे की पलीकडे कोणी न बोलता उभे आहे, हे माझ्या कानाला समजते. या घरात ती लाइन सध्या चालू आहे. याहून नेमके मला सांगता येत नाही.

६. म्हणून मी दि. ४ फेब्रुवारीचा अर्ज केला. आपण मला कचेरीच्या खिडकीशी बोलावून म्हणालात, "विनी, कायद्याप्रमाणे नातेवाइकालाच अर्ज करता येतो, आणि नावाशिवाय नोंद होत नाही. पेशन्स पेनिमन लिही आणि मोकळी हो." मी तसे लिहिले. आपण पंधरा दिवसांत मंजुरी दिलीत. तो आपला चांगुलपणा होता.

७. ते पत्र हातात घेऊन मला बरे वाटायला हवे होते. वाटले नाही. तेव्हा मी बसने वूस्टरला गेले. तेथे श्रीमती ल्युएला बॅबकॉक राहतात. वय ब्याऐंशी, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त, निपमक लोकांतील जाणत्या बाई. त्यांनी मला दारातच विचारले, "आमच्यात नाव घालून घ्यायला आलीस का? गेल्या वर्षी तिघं आले होते तसले." मी नाही म्हटले. "मग माफी मागायला?" मी म्हटले, कोणाच्या वतीने मागू ते मला कळत नाही, मी दोन्हीकडची आहे. त्यावर त्या जरा हसल्या व म्हणाल्या, "आत ये. मक्याचा पाव गरम आहे."

त्यांनी मंजुरीपत्र चष्मा लावून दोनदा वाचले. मी सर्व हकिकत सांगून त्यांना विनवले की तिचे खरे नाव त्यांच्या लोकांत कोणाला ठाऊक असेल, किंवा तिला शोभेल असे एखादे नाव त्या सुचवतील, तर मी ते लिहीन. त्यांनी पत्र घडी करून माझ्यापुढे सरकवले. "तिचं नाव तिच्या आईला ठाऊक होतं, आणि तिची आई त्या पहाटे तिथेच राहिली. मला ते माहीत नाही. तुझं मन शांत व्हावं म्हणून मी एक बनवून देणार नाही, बाई. आणि हे पेशन्स? सहा वेळा पळालेल्या पोरीचं नाव पेशन्स, म्हणजे धीर! ते त्या माणसाने ठेवलं, आपल्या सोयीने. आणि पेनिमन तर त्याचंच आहे. तू तिला पुन्हा त्याच्या घरात नेऊन बसवलीस."

परतीच्या बसमध्ये मी ते पत्र पर्समधून काढले नाही.

८. तरी माझी विनंती अशी की, मृत्युपुस्तकात सन १६९२ च्या पानावर या स्त्रीची नोंद व्हावी. वय अंदाजे पंचवीस. ठिकाण तळ्याचा काठ. नावाचा रकाना कोरा ठेवावा. तेथे "अज्ञात" असे लिहू नये, कारण ते कोणाला तरी ज्ञात होते. रेघही मारू नये. "पेशन्स म्हणून हाक मारीत" एवढे शेऱ्यात लिहावे. नियम आड येतो, हे मी जाणते. परंतु ज्या पुस्तकात ही स्त्री दोनशे चौऱ्याऐंशी वर्षे मुळीच नव्हती, त्या पुस्तकाला एक कोरा रकाना सोसवेल असे मला वाटते.

९. मंजूर नोंद बदलायची तर अर्जावर दुसऱ्या एका नातेवाइकाची सही लागते. लोवेल सोडून मला कोणी नाही. मी प्रथम सांगितले तेव्हा तो संतापला होता. "शिळा महिन्यावर आली आणि तू गावभर हे वाचून दाखवणार? एकदा पुस्तकात गेलं की कायमचं गेलं!" तीन आठवडे तो माझ्या घरी फिरकला नाही. आज दुपारी आला. मी कागद त्याच्यापुढे ठेवले. त्याने मृत्युपत्राची नक्कल वाचली, बैलांच्या ओळीपाशी थांबला, पुन्हा वरून वाचली. मग विचारले, "आणली तेव्हा किती वर्षांची म्हणालीस?"

"नऊ."

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. माझ्याकडे न वळता म्हणाला, "ती शिळा तिथे नको. मी समितीला सांगतो." मग खुर्चीवर बसून त्याने सही केली. अक्षर वेडेवाकडे आले आहे. ती सही त्याचीच असल्याची मी खात्री देते.

आपल्या निर्णयाची वाट पाहत आहे.

आपली नम्र,
(सही)
विनिफ्रेड पेनिमन
दि. ३१ मार्च १९७६

अर्जदाराचे मृताशी नाते : आठव्या पिढीतील लेक.

सोबत : १) चर्चच्या पुस्तकातील १६८८ व १६९० च्या पानांच्या नकला. २) मृत्युपत्राची नक्कल. ३) कॅप्टनचा अहवाल, नक्कल. ४) हवालदाराच्या वहीतील सहा नोंदी. ५) पाद्रीसाहेबांच्या रोजनिशीतील उतारा. ६) आपले मंजुरीपत्र, मूळ प्रत, परत.