आधी ऐक, मग ठोक

बाबा, कुंपण झालं. गावच्या सड्याला, त्या कातळी माळाला, चारी बाजूंनी, तारेसकट, फाटकासकट. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण फिरवून फिरवून सांगितलेली गोष्ट तुम्हाला कधी सोसली नाही. आई काही सांगायला लागली की तुम्ही तिला मधेच तोडायचात, "शेवट सांग आधी." तर शेवट हा असा. बाकीचं आता मी माझ्या चालीनं सांगणार आहे. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, त्यामुळे या खेपेला मधे बोलता येणार नाही, आणि याची मला थोडी मजासुद्धा वाटतेय.

आपला लालबागचा गाळा अजून आहे. गावच्या चाकरमान्यांनी मिळून घेतलेली ती एक खोली, भिंतीला लागून ट्रंका, वर दोरीवर टॉवेल, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळाची मीटिंग. तिथली एक मीटिंग अजून डोळ्यांपुढे आहे. मी अकरा वर्षांची आहे. त्याच चाळीतल्या आपल्या खोलीतून आईनं किटली भरून दिलीय, मी कप वाटतेय, आणि गावच्या विहिरीवर कुठला पंप बसवायचा यावर तुमचं सगळ्यांचं तावातावानं चाललंय. कुणीतरी विजेचा मोठा पंप सुचवतं. सगळ्यांच्या माना डोलतात. मी किटली हातात धरून म्हणते, "पण विहिरीवर लाईट कुठं आहे?" एवढंच. तुम्ही माझ्याकडे बघतसुद्धा नाही. "चहा देऊन झाला ना? मग घरी जा. मोठ्यांच्या मधे बोलायचं नसतं." मी गेले. पंपही गावी गेला आणि सहा वर्षं गोणपाटाखाली बसून राहिला, कारण वीज विहिरीपर्यंत पोचलीच नव्हती. लालबागात बसून गावासाठी वस्तू निवडायची, आणि इथं चालतं ते तिथंही चालणारच असं धरून चालायचं, ही आपल्या मंडळाची जुनी खोड. त्या पंपाचं नाव तुम्ही पुन्हा काढलं नाहीत. मीही नाही. पण राग होता बाबा, खोटं कशाला बोलू, आणि तो बरीच वर्षं पुरला.

आता त्याच गाळ्यात मी सतरंजीवर बसते. मंडळाची चिटणीस आहे, मीटिंगची वही माझ्याकडे असते. दादरच्या कॉलेजात खरेदी विभागात सव्वीस वर्षं घासल्यामुळे कोटेशन वाचण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, असं मीच म्हणते. विषय असा होता की गावातल्या आणि मुंबईतल्या लोकांनी मिळून सड्यावरच्या सामायिक जमिनीत दोनदा काजू लावले, आणि दोन्ही वेळा रानडुकरांनी आणि गव्यांनी रोपं साफ केली. गावात माणसं उरलीत म्हातारी, खड्डे कोण खणणार? शेवटी ठरलं, तिसऱ्यांदा लावू, पण यंदा कुंपण झालं नाही तर हात जोडायचे आणि सडा बाहेरच्या पार्टीला देऊन मोकळं व्हायचं. पार्टी टपूनच बसली होती. म्हणून मग ट्रॅक्टरच्या मागे जोडायचं खांब ठोकायचं यंत्र घ्यायचं निघालं. उंच लोखंडी चौकट, तिच्यात वर-खाली होणारा घण, घण खाली आला की खांब जमिनीत. ते एकदाच घेता येणार होतं. चुकलं की संपलं.

अध्यक्ष कोण, तर मिलमधले, तुमच्याच साचेखात्यात माग चालवणारे काका. तुमच्याच बाजूला उभं राहून आयुष्य काढलेलं, मागांच्या खडखडाटानं तुमच्यासारखेच निम्मे कान गेलेले, आता ऐंशी पार. त्यांनी सगळ्यांत जड घणाचं यंत्र पसंत करून टाकलं होतं. घण जेवढा जड तेवढं काम झटपट, हा त्यांचा हिशेब. विकणाऱ्यानं मोबाईलवर व्हिडिओ पाठवलेला, तो हातोहात फिरत होता. खांब जमिनीत असे जात होते, जसा श्रीखंडात चमचा. सगळे खूश. मी कोटेशन उघडून दाखवलं की यंत्राचं वजनच आपल्या गावच्या छोट्या ट्रॅक्टरला उचलायला जड आहे, खाली बारीक अक्षरात तसं लिहिलंय. त्यावर उत्तर आलं की ट्रॅक्टर तो ट्रॅक्टर, बारीक अक्षरं काय वाचत बसतेस. वहीत ठराव लिहायला पेन उघडलं आणि मला एकदम किटलीची कडी हाताला लागल्यासारखी वाटली. मी म्हटलं, व्हिडिओचा आवाज मोठा करा.

काका हसले. "अगो, ह्या बघूचा असता, आयकूचा नाय." सगळे हसले. मी मोबाईल घेतला, आवाज पूर्ण वाढवला आणि काकांच्या हातात दिला, म्हटलं, कानाला नको, तळहातावर धरा. घण पडत होता आणि आवाज येत होता भद्, भद्, भद्. वरपासून खालपर्यंत एकच. ही नांगरलेली काळी माती आहे काका, मी म्हटलं. आपल्या सड्यावर वीतभर माती आणि खाली जांभ्याचा कातळ. तिथं पहार मारली की काय आवाज येतो?

काकांनी व्हिडिओ पुन्हा लावला आणि मोबाईल तळहातात धरला. मला तुम्ही दिसायला लागलात. मिलमध्ये तुम्हाला मी पाहिलंय, एकदाच, पूजेच्या दिवशी आत सोडलं होतं तेव्हा. बंद पडायला आलेल्या साच्यापुढे तुम्ही उभे आहात, लाकडी दांडक्याचं एक टोक यंत्राला, दुसरं दातात. कान गेलेला माणूस दातांनी ऐकतो, हे मला तेव्हा जादू वाटलं होतं. तुम्ही दांडकं काढता आणि नेमक्या एका बोल्टवर बोट ठेवता. काकांनाही तेच आठवलं असणार, कारण ते माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्या तुका बापाशीन शिकवल्यान?" मी म्हटलं, हो. "आधी ऐक, मग ठोक. भद् वाजलं तर माती, ठण् वाजलं तर कातळ. ठण् वाजलं तिथं जोर करायचा नाही, आधी टोकदार सुळा घालून भोक पाडायचं." तुमचेच शब्द, कान्यामात्रेसकट. ठराव पुढच्या महिन्याच्या रविवारावर गेला.

लगेच दोन दिवस रजा टाकून मी गावी गेले. तुमची पहार पडवीत कोपऱ्यात उभीच होती, गंजलेली, पण वजनाला तेवढीच. सड्याच्या कडेनं दर वीस पावलांवर पहार मारायची, ऐकायचं, आणि चुन्यानं खूण करायची. माती असेल तिथं टिपका, कातळ असेल तिथं फुली. गावातल्या बायका बांधावर येऊन बघत होत्या, एकीनं विचारलं, मुंबईत डोक्यावर ऊन पडत नाही काय गो तुझ्या? दुसऱ्या दिवशी दुपारी हाताला फोड आले आणि मी वळून पाहिलं, तर सगळीकडे फुल्याच फुल्या. टिपके मोजायला एका हाताची बोटं पुरली. मी तिथंच दगडावर बसून मोठ्यानं हसले. अकरा वर्षांच्या मुलीला सांगायला हवं होतं कुणीतरी, की थांब, तुझी पाळी येईल.

मग दोघा विकणाऱ्यांना कळवलं की यंत्र आमच्या सड्यावर चालवून दाखवा, व्हिडिओ नको. एक काकांच्या पसंतीचं, जड घणाचं. दुसरं माझ्या निवडीचं. घण हलका, पण खांबाआधी कातळात भोक पाडायला जाड सुळा होता, आणि उतारावर ट्रॅक्टर तिरका उभा राहिला तरी चौकट दोन्ही बाजूंना कलवून खांब सरळ ओळंब्यात ठेवता येत होता. काका खास गाडी करून आले. पहिलं यंत्र ट्रॅक्टरला जोडलं, उचललं, आणि ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाकं जमीन सोडून वर. चालवणारा उडी मारून बाजूला झाला. पुढे वजनं लटकवली, चार माणसं बसवली, कसाबसा घण पडला, ठण्. दुसरा, ठण्. तिसऱ्याला लोखंडी खांब मधोमध वाकला.

दुसरं यंत्र लागलं. चाकं जमिनीवर. सुळा उतरला, ठण्, ठण्, ठण्, मग हळूहळू आवाज जाड होत गेला, मग सुळा बाहेर आणि त्या भोकात खांब. घण पडला आणि खांब खाली सरकला. पुन्हा पडला, पुन्हा सरकला. काका पुढे झाले. यंत्र बंद करायला लावलं, खांबाला दोन्ही हातांनी गच्च धरून हलवला, सगळ्या अंगाचा जोर लावून. हलला नाही. मग ऐंशी पार केलेला तो माणूस माझ्याकडे वळून म्हणाला, "लिही गो वहीत." बाबा, काय सांगू, मला नाचावंसं वाटलं. नाचले नाही, पण एका म्हातारीनं मला मिठी मारली तेव्हा रडले मात्र भरपूर.

काजूचं पीक अजून लांब आहे, रोपं गुडघ्याएवढी आहेत. पण डुकरं तारेपर्यंत येतात आणि परत जातात. पार्टीला नाही म्हणून कळवलं. आता शेजारच्या दोन वाड्या आपलं यंत्र मागतायत आणि मी त्यांना आधी विचारते, पहार मारून बघितलीत का? परवाच्या रविवारी गाळ्यात गेले तर काकांनी स्वतः उठून किटलीतून चहा ओतला आणि पहिला कप मला दिला. साखर इतकी की चमचा उभा राहील. एक थेंब ठेवला नाही मी.

आता शेवटचं. 'आधी ऐक, मग ठोक' हे तुम्ही मला शिकवलं नव्हतंत. लहानपणी एका मे महिन्यात, गावी घरामागच्या परड्याचं कुंपण करताना तुम्ही ते दादाला शिकवत होतात. पहार त्याच्या हातात दिली होतीत, त्याच्या हातावर तुमचा हात होता. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभी होते, आणि पाणी देऊन झाल्यावर तुम्ही मला घरात जायला सांगितलंत. मी गेले नाही, माडाच्या मागे थांबले. दादाचं लक्ष आंब्याकडे होतं. गेल्या महिन्यात विचारलं तर त्याला यातलं काहीच आठवत नाही.

हे पत्र कुठं टाकणार, वहीतच राहील. त्याच वहीत चार पानं आधी, त्या रविवारच्या मीटिंगखाली, माझ्या अक्षरात लिहिलंय, 'ही पद्धत चिटणिसांना त्यांच्या वडिलांनी शिकवली.' खोडायला दोनदा पेन उघडलं, बाबा. खोडलं नाही.