वास आला नव्हता

४ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. पद्धत म्हणून लिहिले आहेत, मनात सध्या एकही नाही.

गेल्या आठवड्यात दादा त्याच्या भाड्याच्या खोलीत पडला आणि घरमालकीणबाईंनी त्याला इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या मेंदूचा स्कॅन माझ्याकडे पाठवला. असे स्कॅन वाचण्यातच माझी वीस वर्षं गेली, तरी हा हातात घेऊन मी खुर्चीत बसून राहिले.

तू दादाला दारुड्या ठरवून आपल्या काचेच्या कारखान्यातून काढलंस, म्हणून शाळेतल्या मुलाला सांगावं तसं सांगते. हात हलवायचा हुकूम मोठा मेंदू सोडतो. त्याच हुकमाची एक खबर मेंदूच्या देठातून, पलीकडच्या बाजूच्या लहान मेंदूकडे जाते. लहान मेंदू हाताला आवर घालतो, कुठे थांबायचं ते सांगतो, आणि आपली दुरुस्ती परत वर कळवतो. दादाच्या देठात, डाव्या बाजूला, मसुराएवढी जागा मेली आहे. रक्ताची गुठळी अडकली होती. खबर तिथेच अडते, म्हणून उजवा हात पुढे निघून जातो, पाय लटपटतो, जीभ जड होते. यात दारूचा थेंबही नाही.

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी त्याच्या हातून काचेचा मोठा पेला नक्षी कापायच्या चाकावर फुटला. काचेवर नक्षी कोरण्यात ज्याचा हात कधी चुकला नाही, त्याचा हात चुकला. तेव्हा तू चार कारागिरांसमोर त्याचं तोंड हुंगलंस. बाबांचा नियम होता ना, चाकाला हात लावण्याआधी तोंडाचा वास! वास आला नाही. तरी तू म्हणालास की तोंड धुऊन आलाय. पहिल्या चार तासांत इस्पितळ गाठलं असतं तर गुठळी विरघळवायचा प्रयत्न करता आला असता. ते चार तास तू नाक खुपसण्यात घालवलेस.

सोमवारी त्याला व्यसनमुक्ती केंद्रात टाकणार आहेस असं कळलं. खबरदार. त्याला व्यायामाची गरज आहे, कोंडून ठेवण्याची नाही.

लोभ तुझ्याकडेच ठेव.

ताई

९ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र मिळालं. तुमच्या देठाची आणि मसुराची माहिती वाचून धन्य झालो.

दादा आठ वर्षं दारूला शिवला नाही हे मान्य. पण त्याआधीची दहा वर्षं त्याला उचलून घरी कोण आणत होतं? तू तेव्हा परिषदांमध्ये भाषणं ठोकत होतीस. दर वेळी तो असाच लटपटायचा, असाच बोबडं बोलायचा, आणि दर वेळी शपथेवर सांगायचा की प्यायलो नाही. मी मेंदूचा डॉक्टर नाही. मी काच कापतो. जे दिसलं ते मानलं.

आता तुझं बघ. त्या दिवशी मी त्याला घालवून दिल्यावर तासाभरात त्याने तुला फोन केला होता. मला हे परवा इस्पितळात कळलं, त्याने रडत सांगितलं. तू दोन वाक्यं ऐकलीस, शुद्धीवर आलास की फोन कर म्हणालीस आणि फोन ठेवलास. तेव्हा चारातले तीन तास बाकी होते की नाही, ते तूच मोज. माझं नाक चुकलं. तुझे तर कान या कामासाठीच तयार झालेले!

केंद्राचा फॉर्म माझ्या खिशात आहे. तुझं पत्र आणि याची नक्कल दादापुढे ठेवतो. चूक कोणाची ते त्यानेच ठरवावं, मग मी फॉर्म ठेवायचा की फाडायचा ते बघेन. मला तुझा खूप राग आला आहे, आणि झोपही लागत नाही.

तुझाच म्हणायची पद्धत आहे म्हणून तुझाच,

धाकटा

२१ मार्च

चि. दोघांस,

अनेक उत्तम आशीर्वाद. मी सांगतोय आणि व्यायाम घेणाऱ्या बाई लिहून घेताहेत. माझं बोलणं कळलं नाही तर त्या चारदा विचारतात, पण कंटाळत नाहीत, हे तुम्ही दोघांनी लक्षात घ्यावं.

पत्रं वाचली. माझ्या मेंदूवर एवढी शाई खर्च केलीत, पण मला उद्देशून एक ओळ कोणी लिहिली नाही. धाकट्या, तुझ्या खिशातला फॉर्म मी मागून घेतला आणि डाव्या हाताने फाडला. तू बघत होतास, म्हणून जास्तच बारीक फाडला. ताई, इकडे यायची तिकिटं काढू नकोस.

चूक कोणाची ते मी ठरवणार नाही. मीच तुम्हाला दहा वर्षं खोटं बोलून तयार केलंय. त्या सकाळी ‘प्यायलो नाही’ हे पहिल्यांदा खरं बोललो आणि ते माझ्या जुन्या खोट्यासारखंच ऐकू आलं. याचं मला फार वाईट वाटतं. तरी रागही आहे आणि तो जात नाही.

इथे मी एका वाटीतले मणी दुसऱ्या वाटीत टाकतो. निम्मे टेबलाखाली जातात. बाई म्हणतात, मेलेली वाट उघडत नाही, पण रोज सराव केला तर बाकीच्या वाटा थोडं काम उचलतात. चाकापुढे पुन्हा बसेन असं त्या म्हणत नाहीत. मीही विचारत नाही.

सध्या दोघांनीही येऊ नये. बटणं दाबता आली की मी स्वतः फोन करीन. बोलणं बोबडंच असेल. या खेपेला मी कसा बोलतोय ते नंतर ऐका, आधी काय बोलतोय ते ऐका.

दादा