सगुणाबाईंचे झाकण व बावीसशे अकरा उद्धरणे

स्वस्ति श्री. न्यूरॉन-कुल-दिवाकर, शीतकपाट-संरक्षक, मूषक-मस्तिष्क-विशारद, अष्टत्रिंशत्-शोधनिबंध-प्रसवकर्ता, चतुर्दश-एच-निर्देशांक-मंडित, पदोन्नती-प्रतीक्षा-तपस्वी डॉ. मोरेश्वर रावजी मांडवकर, वय वर्षे ५६, स्वेच्छानिवृत्त, राहणार श्रीवर्धन, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना, शुद्धीत आणि संतापात लिहून ठेवतो. संताप हा बुद्धिभ्रंश नव्हे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. घर व सुपारीची वाडी पुतणी शिवानी हिला. तीच या मृत्युपत्राची व्यवस्थापक.

२. बँकेतील ठेवी काशीवहिनींना. "भावोजी, मेंदूचे डाक्टर हाव नं, मंग डोकंदुखीवर गोली का न्हाय देत?" हा त्यांचा प्रश्न वीस वर्षे अनुत्तरित आहे. ठेवी हेच उत्तर समजावे.

३. आता माझी खरी इस्टेट. इतर संशोधकांनी आपल्या लेखनात माझ्या निबंधांचा दिलेला दाखला, म्हणजे उद्धरण. माझी एकूण उद्धरणे २,९४३. पैकी १०९ मीच मला दिलेली. एकट्या २००९ च्या निबंधाची २,२११. हा निबंध माझा नाही.

उंदराच्या मेंदूचे काप मोजक्या क्षारांच्या द्रावणात जिवंत ठेवावे लागतात. आमचे काप दोन महिने तासाभरात मरत होते. तेव्हा प्रयोगशाळेतील तंत्रसाहाय्यक सगुणा म्हात्रे, उरणच्या मिठागरवाल्यांची लेक, म्हणाल्या, "सर, भांडं उगडं ठेवताव, पानी आटतं, मीठ चढतं. मिठागरान आमाला ह्याच पायजे. तुमाला न्हाय." आणि स्वतःच्या डब्याचे झाकण त्यांनी चंचुपात्रावर ठेवले. काप नऊ तास जगले. पुढचे सर्व शोध त्या नऊ तासांतले.

मी त्यांचे नाव लेखकांत घालू म्हटले. प्रमुख डॉ. दीपेश कारुळकर उद्गारले, "मोऱ्या, झाकण ठेवणं म्हणजे संशोधन का रे? उद्या चहावाल्याचं नाव घालशील!" मी हसलो. माझ्या पदोन्नतीची फाईल त्यांच्या टेबलावर होती. पदोन्नती मिळाली नाही. हसणे मात्र छापले गेले. बाईंच्या वाट्याला 'तांत्रिक साहाय्याबद्दल आभार', तेही निनावी. त्यानंतर सोळा वर्षे हे महाशय देशोदेशी व्यासपीठांवर सांगत आहेत की, झाकणाची कल्पना त्यांना स्नान करताना सुचली. संस्थेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिला आणखी एक उद्धरण फुकट का द्यावे?

४. सबब, सदर निबंधातील माझे प्रथम लेखकपद मी सगुणा म्हात्रे यांच्या हवाली करतो. लेखकपद मृत्युपत्राने देता येत नाही, असे वकील म्हणतात. चोरता येते, हे त्यांनी नाकारले नाही. दुरुस्तीच्या अर्जावर दोन्ही लेखकांची सही लागते. माझी केली आहे. दुसरे लेखक डॉ. कारुळकर; त्यांनी सही करण्यास तीनदा नकार दिला. शिवानीने दरवर्षी मागावी.

५. प्रयोगवही क्रमांक सात सगुणाबाईंना. पृष्ठ ४१ वर त्यांच्याच अक्षरात आहे: 'झाकान ठेवलं. जगले.'

६. ते झाकण माझ्या मालकीचे नसल्याने देता येत नाही. परत करावे. क्षमायाचना मी तोंडी करणार आहे. जमले नाही तर ते माझ्या भ्याडपणाच्या खाती धरावे.

७. डॉ. कारुळकर यांस एक चंचुपात्र, उघडे. आत जे आटले असेल ते त्यांचेच.

वरील मजकूर वाचून, समजून, दात-ओठ खाऊन सही केली.

मोरेश्वर रावजी मांडवकर
श्रीवर्धन, दि. ११ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार:
१. डॉ. हेमाली शिर्के (दाखला देणाऱ्या)
२. सदा भायदे, शेजारी

ता. क. नियतकालिकाच्या संकेतस्थळावरील दुरुस्ती-अर्जात नव्या लेखकाचा 'संस्थेचा ई-मेल' लिहिल्याविना पुढचे पान उघडत नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत बाईंना तो कोणी दिलाच नव्हता. मी अकरा वेळा प्रयत्न केला. वीस मिनिटांनी भरलेले सगळे आपोआप पुसले जाते, आणि मदतकक्षाचा फोन नुसता वाजत राहतो.