दाल्वाने कुणाकडे जावं?

साल्वादोर, मंगळवार

आई, आधी आशीर्वाद दे.

मी मजेत आहे. तुझा जावई वाल्देमिर हल्ली घरात फारसा बोलत नाही, पण तू काळजी करू नकोस.

काल माझ्या चवळीच्या वड्यांच्या गाडीवर कोण आलं? आपल्या मालिकेतला दाल्वाचा तो दुष्ट नवरा! मी तडकलेच. “दाल्वाला छळतोस? तुला वडा मिळणार नाही!”

बिचारा ओशाळला. “ताई, मी नुसता नट आहे. तुम्हीच सांगा, तिने काय करावं?”

रांगेत भांडणच जुंपलं. कुणी म्हणे, तिच्यावर प्रेम करणाऱ्या त्या डॉक्टरशी लग्न करावं. कुणी म्हणे, नवऱ्याला माफ करावं. मी एकदम बोलून गेले, “तिने आईकडे निघून जावं.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आई, दाल्वाला तर आईच नाही. मग मी असं कसं बोलले?

तुझ्याकडची मागची खोली अजून रिकामीच आहे ना?

तुझीच,
इव्होनेते