मूळ आवाजाचं बटण

गुरुजी,

एका गंभीर अन्यायाची तक्रार आज तुमच्यापुढे मांडायची आहे. जर्मनीतल्या टीव्हीवर लंडनचा पोलीस जर्मन बोलतो. धुकं लंडनचं, टोपी लंडनची, हातातला चहासुद्धा तिथलाच, आणि तोंड उघडलं की जर्मन. ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. यंदाच्या उन्हाळ्यात लेकीकडे राहायला गेलो, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी हा प्रकार पाहिला आणि मला जेवण गेलं नाही. बायकोच्या मते जेवण न जाण्याचं कारण विमानात खाल्लेले काजू होते. पण न्यायशास्त्राची आवड तिला पहिल्यापासूनच कमी.

तुला त्या पोलिसाचं काय करायचंय, असं तुम्ही विचाराल. सांगतो. लेक आणि जावई बंगळुरूत व्हाइटफील्डच्या एकाच सॉफ्टवेअर कंपनीत होते, तिथेच जमलं. जावई मल्याळी, त्यामुळे त्यांच्या घरातली भाषा इंग्रजी. त्यांची मुलगी आता सहा वर्षांची. तिला येणारी मराठी म्हणजे 'दूध', 'नको' आणि 'अज्जा'. आपल्या बंगळुरूच्या मराठी घरांत आजोबाचा अज्जाच होतो, हे तुम्हाला सांगायला नको. आम्हा दोघांत जे काही बोलणं होतं, ते इंग्रजीत. आणि ती तिकडच्या शाळेत जायला लागल्यापासून नेमकं तेच गळायला लागलंय. आईनं इंग्रजीत विचारलं की ही जर्मनमध्ये उत्तर देते. लेक म्हणाली, "अण्णा, घरात टीव्ही तरी इंग्रजी हवा. कुठला घ्यायचा ते तुम्हीच ठरवा, तुम्हाला वाद घालायला आवडतो." जन्मभर कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या माणसाकडे इंग्रजी वाचवायचं काम आलं. तुम्ही हसण्यापूर्वीच सांगतो, मी ते फार मन लावून केलं.

तुम्ही शिकवल्याप्रमाणे आधी पूर्वपक्ष. केबलवाल्यांचं एक आंतरराष्ट्रीय पॅकेज असतं. त्यात इंग्रजी वाहिन्या मिळतात, पण सगळ्या बातम्यांच्या. सहा वर्षांच्या मुलीला व्याजदर आणि युद्धविराम यांवर बोलतं करून मला काय मिळणार? खंडन झालं. दुसरा पक्ष डिशचा. इंग्लंडच्या कितीतरी वाहिन्या तिथे आकाशातून फुकट उतरतात, फक्त चांगली मोठी तबकडी लागते. पण घरमालकीणबाईंचा नियम असा, की बाल्कनीत फुलांशिवाय काही दिसता कामा नये. जावयानं तबकडी कुंड्यांमागे लपवायचा बेत मांडला, तेव्हा लेकीनं त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती पाहून मी तो पक्ष पुढे ऐकलाच नाही. तिसराही जावयाचाच. आपण लंडनात बसलोय, असं इंटरनेटला भासवायचं. व्हाइटफील्डला इतकी वर्षं काढलेल्या माणसाला ते चहा निवायच्या आत जमतं. लेक म्हणाली, मुलीसमोर खोटा पत्ता सांगायचा नाही. ही शिकवण तिला मीच दिलेली, त्यामुळे तोही पक्ष पडला. उरला चौथा, पैसे भरून इंटरनेटवर बघायचा. त्यातही आधी जर्मनच आवाज लागतो, पण खाली कोपऱ्यात 'मूळ आवाज' असं एक बटण असतं. ते दाबलं की पोलीस माणसात येतो. हाच सिद्धांत ठरला.

मग बघायचं काय, यावर आणखी दोन दिवस गेले. कार्टून मी बाद केलं. त्यात सगळे किंचाळतात, आणि किंचाळणं सगळ्या भाषांत सारखंच. मी प्राण्यांचे माहितीपट निवडले. एकच माणूस बोलणार, सावकाश, आणि जे दिसतंय तेच सांगणार. पक्षी उडाला की 'पक्षी उडाला' म्हणणार. याहून चांगला शिक्षक कुठे मिळतो? हे ठरवताना तुमच्या स्वयंपाकघरातला रेडिओ सारखा डोळ्यांपुढे होता.

मी पंधरा-सोळा वर्षांचा आहे, नुकतंच थोडं व्याकरण येऊ लागलंय आणि त्याचा माज आहे. तुम्ही स्टोव्हवर सारूला फोडणी देताय, आणि लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवलेल्या रेडिओवर इंग्रजी बातम्या चालल्या आहेत. मी तोंड वाकडं करून विचारतो, गुरुजी, ही म्लेच्छ भाषा कशाला? तुम्ही पळी खाली ठेवता. "तो माणूस रोज वेळेवर येतो, शब्द न खाता बोलतो, आणि जे माहीत नाही ते सांगत नाही. तुझ्यात यातलं काय आहे?" तुम्ही पुन्हा पळी उचलता.

खरं कारण आम्हा शिष्यांना नंतर कळलं. इंग्लंडात गेलेल्या तुमच्या मुलानं तिथल्याच मुलीशी लग्न केलं होतं आणि सून पहिल्यांदा घरी यायची होती. ती आली त्या दिवशी आम्ही ओळीनं उभे आहोत. तुमचा मुलगा कुणाकडेच धड बघत नाहीये. तुम्ही घसा साफ करता, हात जोडता आणि थेट बातम्यांच्या सुरात, इंग्रजीत तिला सांगता, की आज बंगळुरूत आकाश अंशतः ढगाळ राहील आणि सायंकाळी हलक्या सरींची शक्यता आहे. ती आधी वर बघते, मग तुमच्याकडे, आणि अशी हसते की मुलाचे खांदे खाली येतात. संध्याकाळी पाऊस काही आला नाही. पण सासरा-सुनेचं पुढे महिनाभर हवामानावर उत्तम चाललं.

म्हणूनच मी निर्धास्त होतो. तुम्हाला रेडिओवर जमलं, मग मला तर चित्रंही आहेत. बंगळुरूला, जयनगरच्या घरी परत आल्यावर माझा आणि नातीचा रविवारचा नेम सुरू झाला. माझा फोन कॉफीच्या फिल्टरला टेकवलेला, तिचा तिकडे उशीला, आणि दोघांकडे एकाच वेळी एकच माहितीपट. महिन्याभरात गुण दिसला. आई ऑफिसातून आली की नात माहितीपटातल्या माणसाच्या सुरात, इंग्रजीत जाहीर करायची, "आई दाराशी आली आहे. ती थकलेली आहे. पिल्लू भुकेलं आहे." लेकीनं हे मला फोन करून सांगितलं. मी ते वर्गातही सांगितलं. एचएसआर लेआउटच्या वस्तीतून गुणांसाठी संस्कृत घ्यायला येणारी माझी मुलं त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून हसली.

शिवाय मी जर्मनही शिकतोय. विभक्ती, तीन लिंगं, सगळी आपली जुनी ओळखीची मंडळी. तक्ते पंधरवड्यात पाठ झाले. फक्त नातीचं बोलणं त्या तक्त्यांसाठी थांबत नाही, आपली मेट्रो स्टेशनात थांबते तेवढंही नाही. बायकोला यातलं काही लागत नाही. ती फोन समोर ठेवून कणीक मळते, तिकडे नातही मळते, आणि 'स्वल्प पाणी' म्हटलं की तिकडे बरोबर स्वल्पच पाणी पडतं. मी कौतुकानं बघतो. थोडा जळतोही. बायको म्हणते, "अहो, तुम्ही तिला शिकवता. मी तिच्याबरोबर असते."

गेल्या रविवारी माहितीपट सुरू व्हायच्या आधीच नात फोनवर आली, एकटीच. शाळेतलं काहीतरी सांगत होती. कुठल्यातरी मुलीचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं, आणि नातीचा चेहरा खेळातला नव्हता. सगळं जर्मनमध्ये, भरभर. मी म्हटलं, बाळा, इंग्रजीत सांग. तिनं तोंड उघडलं, एक शब्द म्हणाली, थांबली. पुढचा शोधला, तो मिळेना. मी इकडून दोन-तीन शब्द सुचवून पाहिले, ते तिला हवे असलेले नव्हते. मग तिनं खांदे उडवले.

"नथिंग, अज्जा," म्हणाली.

त्यानंतर आम्ही कासवं बघितली.

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र कुठे जायचं नाही, ते तुम्हालाही ठाऊक आहे. लेकीला पाठवावं असं एकदा मनात आलं. पण मग त्या दिवशी शाळेत काय झालं होतं, हे तिला विचारावं लागेल, आणि तिला ते माहीतच नसलं तर? नातीनं ते फक्त मला सांगायचं ठरवलं असेल. इंग्रजीची काळजी मला नाही गुरुजी, ती येईल, जगात सगळ्यांना येते. पुढच्या वेळी नात मला काही सांगायला येणारच नाही, एवढीच भीती वाटते.